नॉर्वेचा बुनाद : घरच्या मंगल कार्यांनी जपलेला पोशाख



शाळेतल्या भिंतीवर युरोपचा नकाशा लावलेला असतो. त्यात अगदी वरच्या अंगाला, कडा कातरल्यासारखा दिसणारा एक लांबट देश आहे. तो नॉर्वे. समुद्राचे अरुंद फाटे तेथे डोंगरांच्या पोटात कोसच्या कोस शिरले आहेत. त्यांना तिकडे फ्योर्ड म्हणतात. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर मधे बर्फाचा डोंगर, नाहीतर खोल पाणी. लागवडीखालची जमीन शेकडा तीन एकरांच्या आसपास. बाकी सारे खडक, जंगल आणि हिम. आज या देशाची वस्ती ५५ लाखांच्या आसपास आहे. १८०१ सालच्या शिरगणतीत ती नऊ लाखांपर्यंतही पोचली नव्हती.

या देशात १७ मे हा राष्ट्रीय सण असतो. त्या दिवशी रस्त्यावर रणगाडे आणि तोफा दिसत नाहीत. शाळेतली मुले हातात छोटे झेंडे घेऊन, वाजंत्री लावून मिरवत जातात. बरोबर त्यांच्या आया, आज्या, बाप आणि मामे. यांतल्या पुष्कळांच्या अंगावर त्या दिवशी एक विशिष्ट पोशाख असतो : जाड लोकरी घागरा, त्यावर बिनबाह्यांची भरतकाम केलेली चोळी, आत पांढरा सदरा, कमरेला पट्टा आणि छातीवर लखलखणारी चांदी. हाच पोशाख मुलाच्या बारशाला, लग्नाला आणि नाताळातही बाहेर निघतो. याचे नाव बुनाद.

समुद्राच्या तळातून तेल काढणारा, विजेवर मोटारी चालविणारा हा आधुनिक देश. त्याने दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे कपडे आपल्या सर्वांत आनंदाच्या दिवसासाठी का बरं राखून ठेवले असावेत? आणि राखले म्हणजे तरी काय? कारण गंमत अशी, की हा पोशाख मधल्या काळात बहुतेक ठिकाणी मोडीत निघाला होता. तो परत कसा उभा राहिला, याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. बुनाद हा जुन्या नॉर्स भाषेतला शब्द. कपडालत्ता, साज, सरंजाम असा त्याचा मूळ अर्थ. जाणकार मंडळी यात एक भेद करतात. खेड्यातले लोक पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या खरोखर जे वापरीत, तो लोकपोशाख. आणि त्याच्या आधाराने विसाव्या शतकात पुन्हा शिवलेला सणाचा पोशाख, तो बुनाद. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

जुना पोशाख घरच्या घरीच तयार होई. मेंढ्या घरच्या, लोकर घरची. हिवाळ्यात दिवस काही तासांचाच, उत्तरेकडे तर सूर्य उगवतच नाही. अशा वेळी बायका चुलीजवळ बसून सूत काढीत, मागावर कापड विणीत. रंगही पुष्कळसे आसपासचे. भूर्ज जातीच्या झाडाच्या पानांपासून पिवळा रंग निघे. तांबडा मंजिष्ठेच्या मुळांपासून. नीळ मात्र उष्ण देशांतून जहाजाने येई आणि पैसे मोजून घ्यावी लागे. म्हणून प्रत्येक धागा तोलून वापरायचा. रोजचे कपडे ठिगळे लावून झिजेपर्यंत वापरायचे आणि चांगला जोड रविवारच्या देवळासाठी, लग्नकार्यासाठी पेटीत ठेवायचा. या लाकडी पेट्यांवर रंगीत वेलबुट्टी काढलेली असे. त्या आजही कित्येक घरांत आहेत.

खोरे बदलले की पोशाख बदले. पश्चिमेच्या हार्डांगर फ्योर्डाकाठी तांबडी चोळी, छातीवर मण्यांनी भरलेला पट्टा आणि पांढरा आपरण. त्या आपरणावर सूत मोजून, काही धागे काढून केलेले जाळीचे भरतकाम. तेलेमार्कात लोकरीच्या धाग्यांनी भरलेली मोठी मोठी फुले. दक्षिणेच्या सेतेसदाल खोऱ्यात पुरुषांची विजार छातीपर्यंत चढलेली आणि बुडाशी कातड्याचा तुकडा लावलेला. माणूस दुरून दिसला की तो कुठला, हे ओळखता येई.

पोशाख आणखीही बोलत असे. पश्चिमेकडच्या कित्येक गावांत लग्न झालेली बाई डोक्यावर पांढरे, खळ लावून चुणीदार केलेले वस्त्र बांधी. कुमारिकेच्या डोक्यावर ते नसे. घरात मृत्यू झाला असेल तर काही खोऱ्यांत तांबडा रंग टाळून हिरवा, निळा किंवा काळा घालीत. म्हणजे देवळाच्या दारात उभे राहिले की कोणाचे लग्न झाले, कोणाच्या घरी सुतक आहे, हे न विचारता कळे. लहान वस्तीत अशा न बोलता कळणाऱ्या गोष्टींना फार मोल असते.

परंतु एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. हा पोशाख डोंगराआड, जगापासून अलग राहून तयार झाला, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. चोळीचा बेत आणि कमरेची उंची पाहिली तर अठराव्या शतकातल्या शहरी फॅशनचे ठसे त्यात स्पष्ट दिसतात. पॅरिसमध्ये निघालेली तऱ्हा कोपनहेगनला येई, तेथून बर्गेनच्या व्यापाऱ्यांकडे आणि तेथून हळूहळू खोऱ्यात. रेशमी रुमाल बाहेरून येत. खेडेगावातल्या लोकांनी त्यातले मनाला येईल ते घेतले, आपल्या लोकरीत बसविले आणि शहराने ते टाकून दिल्यावरही जपले. हे डेन्मार्कच्या राजांना रुचत नसे. नॉर्वे तेव्हा त्यांच्या अमलाखाली होता. शेतकऱ्यांनी रेशीम आणि उंची वस्त्रे वापरू नयेत, असे हुकूम अठराव्या शतकात निघाले. हुकूम निघाले याचाच अर्थ लोक ती वापरीत होते!

आता चांदीकडे वळू. नॉर्वेत कोंग्सबर्ग येथे १६२३ साली चांदीची खाण सापडली. गावोगावच्या कारागिरांनी घडविलेल्या छातीवरच्या पिनेला सोल्ये म्हणतात. गोल चकती, तिच्याभोवती चमच्याच्या खोलगट पानांसारखी लोंबती पाने. बाई चालू लागली की ती हलतात, किणकिणतात आणि उजेड परतवतात. यामागे एक समजूत होती. डोंगरात, जमिनीखाली अदृश्य माणसे राहतात, ती माणसांची बाळे पळवून नेतात आणि आपली पोरे त्यांच्या जागी ठेवतात, असे लोक मानीत. चांदीला ती भितात. म्हणून तान्ह्या बाळाच्या दुपट्याला चांदीची लहानशी सोल्ये टोचून ठेवायची.

येथूनच घरच्या मंगल कार्यांचा प्रारंभ होतो. मूल जन्मले की शेजारच्या बायका बाळंतिणीसाठी लाकडी, रंगविलेल्या झाकणाच्या भांड्यातून लापशी घेऊन येत. ती साधी लापशी नव्हे बरं का. आंबट सायीत पीठ शिजवून, वर लोणी सुटेपर्यंत घोटलेली. दुबळ्या झालेल्या बाईला चार दिवस कसदार अन्न मिळावे, ही त्यातली व्यवस्था. ज्या घराने आज नेले, त्या घरी उद्या आणले जाई. भांडे जितके नक्षीदार तितकी पाठविणारीची शोभा. पुढे बाप्तिस्मा, म्हणजे देवळात पाणी शिंपडून नाव ठेवण्याचा विधी. तो होईपर्यंत बाळाला डोंगरातल्या लोकांचे भय, म्हणून हा विधी शक्य तितक्या लवकर उरकीत. बाळाला विणलेल्या पट्ट्यांनी लपेटून, चांदी लावून देवळात नेत. त्यानंतरच्या मेजवानीला ‘बार्सोल’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ बाळासाठी गाळलेली सातूची दारू! कुठल्याही मोठ्या कार्याला घरची दारू गाळणे हे तिकडे इतके ठरलेले होते, की कार्याच्या नावातच ती शिरली.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास दुसरा टप्पा येई. याला कन्फर्मेशन म्हणतात. मुलाने पाद्रीपुढे उभे राहून धर्माची शिकवण सांगायची आणि मंडळीत पक्के दाखल व्हायचे. १७३६ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने हा विधी सर्वांना सक्तीचा केला. शिक्षक बंधुभगिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे. विधी पार पडायचा तर मुलाला वाचता यायला हवे. म्हणून लागलीच १७३९ साली खेड्यांतल्या शाळांचा कायदा आला. पण शाळेला इमारत कुठली? मग मास्तरच पोथी-पाटी घेऊन या शेतावरून त्या शेतावर फिरत. एका घरी काही दिवस राहायचे, आसपासची मुले जमवायची, शिकवायचे आणि पुढच्या घरी जायचे. अशी फिरती शाळा शंभराहून अधिक वर्षे चालली. १८६० च्या कायद्याने कायम जागेच्या शाळांचा पाया घातला. कन्फर्मेशन झाले नाही तर लग्न होत नसे. ते झाले की मुलगी मोठ्या बाईसारखे कपडे घालू लागे आणि कित्येक गरीब मुलेमुली त्याच वर्षी दुसऱ्याच्या घरी चाकरीला लागत. तेव्हा त्या दिवशीचा नवा पोशाख हा नुसता हौसेचा नसे. पोरपण संपल्याची ती खूण होती.

सर्वांत मोठे कार्य अर्थात लग्न. प्रत्येक शेताचे एक ठरलेले शेजारमंडळ असे. त्या मंडळातल्या सर्व घरांना लग्नाचे आणि मयताचे बोलावणे करायलाच हवे, असा दंडक होता. भांडण असले तरी बोलावणे चुकवायचे नाही. आमंत्रण देणारा माणूस घरोघरी जाऊन ठराविक बोलांत निमंत्रण सांगे. पाहुणेही रिकाम्या हाताने येत नसत. लोणी, चीज, पातळ भाकऱ्या, सायीची लापशी असे काही ना काही घेऊन येत. तीन-तीन दिवस, कुठे त्याहूनही जास्त दिवस लग्न चाले, ते या सर्वांच्या शिदोरीवर. एकट्या वधूपित्याच्या खांद्यावर तो भार पडत नसे.

वरात बहुधा उन्हाळ्यात निघे. पुढे सारंगीवाला. हार्डांगरच्या या वाद्याला वरच्या चार तारा आणि त्यांच्या खाली चार-पाच तरफेच्या तारा असतात. वरच्या तारेवर गज फिरला की खालच्या आपोआप गुणगुणू लागतात. या जातीच्या सर्वांत जुन्या मानल्या गेलेल्या वाद्यावर १६५१ हे साल आहे. सारंगीवाल्याच्या मागे कार्याचा कारभारी. कोणी कुठे बसायचे, जेवणाआधी प्रार्थना कधी, थट्टामस्करी कधी, सारे तो सांगणार. आणि मग वधू. तिच्या मस्तकावर चांदीचा, सोन्याचे पाणी दिलेला मुकुट. त्यालाही लोंबती पाने. असा मुकुट प्रत्येक घरी असणे शक्यच नव्हते. पुष्कळदा तो गावच्या देवळाच्या मालकीचा असे, किंवा एखाद्या सधन कुटुंबाचा, आणि थोडे भाडे देऊन लग्नापुरता मिळे. म्हणजे श्रीमंताची लेक आणि बेताच्या घरची लेक, दोघींच्या डोक्यावर एकच मुकुट! दुसऱ्या दिवशी वधू मुकुट उतरवून सुवासिनीचे पांढरे शिरोवस्त्र बांधून मंडळींत येई. कालची मुलगी आज घरधनीण झाली, हे सगळ्यांना त्या एका वस्त्रावरून कळे.

मृत्यूच्या प्रसंगीही तेच शेजारमंडळ जमे. दारापुढे सदाहरित झाडांच्या डहाळ्या पसरीत, दारू गाळीत, जेवण घालीत. जन्म, जाणतेपण, लग्न, मरण, या चारही वेळा माणसे पेटी उघडीत. पोशाख टिकला तो या पेट्यांतून.

मग तो मोडला कशाने? १८५४ साली नॉर्वेत पहिली आगगाडी सुरू झाली. तिच्या पाठोपाठ गिरणीचे कापड, शिवणयंत्र, दुकाने आली. घरी हिवाळाभर खपून विणण्यापेक्षा वारावर कापड घेणे स्वस्त पडू लागले. धार्मिक जागृतीच्या चळवळी झाल्या. त्यांतल्या कडव्या लोकांना सारंगी, नाच आणि भडक रंग पापाचे वाटत. काळे साधे कपडे बरे. शिवाय जमीन थोडी आणि तोंडे वाढलेली. १८२५ साली स्टाव्हांगर बंदरातून देशांतराचे पहिले जहाज अमेरिकेला गेले आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसे देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर त्या रंगीत पेट्याही गेल्या. एकोणिसावे शतक संपताना सेतेसदाल, हार्डांगर यांसारखी थोडी खोरी सोडली तर जुना पोशाख म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर, नाहीतर माळ्यावरच्या पेटीत उरला होता.

याच काळात दुसरीकडे राष्ट्र जागे होत होते. नॉर्वे चारशे वर्षांच्या आसपास डेन्मार्कशी बांधलेला. १८१४ साली एइड्सवॉल येथे जमलेल्या प्रतिनिधींनी १७ मे रोजी राज्यघटना केली. पण त्याच वर्षी देशाला स्वीडनच्या राजाखाली जावे लागले. घटना आपली, राजा दुसऱ्याचा, आणि कचेरीतली लेखी भाषा डेन्मार्कची! मग आपले म्हणावे असे उरले काय? सुशिक्षितांची नजर शेतकऱ्याकडे वळली. नॉर्वेचा शेतकरी कधी वेठबिगार झाला नव्हता. पुष्कळांची जमीन स्वतःची होती. ईवार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने खेडोपाडी पायी हिंडून बोली गोळा केल्या. १८४८ साली त्याने त्यांचे व्याकरण आणि १८५० साली कोश छापला. त्यातून उभी राहिलेली नवी लेखी भाषा १८८५ साली संसदेने जुन्या भाषेच्या बरोबरीची मानली. त्याच १८४८ साली तिदेमान आणि गुदे या दोन चित्रकारांनी हार्डांगर फ्योर्डावरून होडीत जाणाऱ्या लग्नाच्या वऱ्हाडाचे चित्र काढले. मुकुट घातलेली वधू, सारंगीवाला, निळे पाणी, मागे हिमाचे डोंगर. ते चित्र घरोघर पोचले आणि हार्डांगरचा पोशाख म्हणजेच नॉर्वेचा पोशाख असे समीकरण होऊन बसले. शहरातल्या मुलीही हौसेने त्याची नक्कल शिवून घालू लागल्या.

ही नक्कल एका बाईला खटकली. तिचे नाव हुल्दा गारबोर्ग. जन्म १८६२ चा. लहानपणी घर मोडलेले. तरुणपणी तिने राजधानीत दुकानात नोकरी केली. पुढे लेखिका झाली, नाटके लिहिली, प्रसिद्ध लेखक आर्ने गारबोर्ग यांच्याशी विवाह झाला. १९०२ साली ती फॅरो बेटांवर गेली. तेथे लोक हातात हात गुंफून, गाणी म्हणत फेर धरतात. तसा नाच आपल्याकडे पुन्हा सुरू करावा म्हणून ती गावोगावच्या तरुण मंडळांत फिरू लागली. आता नाचायचे तर अंगावर काय घालायचे? १९०३ साली तिने नॉर्वेच्या पोशाखावर एक लहान पुस्तक काढले आणि त्यातून बुनाद हा जुना शब्द नव्या अर्थाने रूढ झाला. तिचे म्हणणे थोडक्यात असे : एकट्या हार्डांगरची नक्कल कशाला? प्रत्येक खोऱ्याने आपल्या पेट्या उघडाव्यात. कापड देशी लोकरीचे असावे, टिकाऊ असावे, आणि आजच्या बाईला त्यात हालचाल करता यावी. हालिंगदालमधल्या गोल गावच्या जुन्या पोशाखावरून तिने स्वतः एक पोशाख बेतला. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. त्या वर्षीच्या सार्वमतात फुटून निघण्याच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरुद्ध अवघी १८४ मते पडली! अशा हवेत तिचा विचार झपाट्याने पसरला.

पण सगळे काही एकमताने झाले असे मात्र नाही. क्लारा सेंब ही तिच्या नंतरच्या पिढीतली कार्यकर्ती. नाचाची शिक्षिका आणि मोठी संग्राहक. तिला वाटे, हुल्दाबाईंनी जरा सैल हाताने काम केले. जुना नमुना शोधा, मोजा, शिवण उलगडून पाहा आणि तंतोतंत तसेच करा. मनाची भर घालू नका. १९४७ साली या विषयासाठी सरकारने सल्लागार समिती नेमली. तिच्याच परंपरेतली संस्था आज वाल्द्रेस भागात फागेरनेस येथे काम करते आणि गावोगावच्या जुन्या कपड्यांच्या नोंदी सांभाळते. उलट बाजूला उत्तरेच्या नूरलान भागाचे उदाहरण पाहा. तेथे पूर्ण जुना जोड हाती नव्हता. जुन्या घागऱ्याच्या कापडाचा आधार घेऊन १९२८ साली तेथल्या लोकांनी नवा निळा बुनाद रचला. आज तो देशातल्या आवडत्या बुनादांपैकी एक आहे. कोणी म्हणेल, हा तर बनविलेला. खरे आहे. पण जी वस्त्रे आपण जुनी म्हणतो, तीही एके काळी कोणीतरी पॅरिसच्या बेतावरून बनविलीच होती. दोघी बायांचे भांडण नॉर्वेला लाभदायकच ठरले. एकीने पोशाख माणसांच्या अंगावर आणला, दुसरीने त्याची नोंद बिघडू दिली नाही.

कपड्याला किती अर्थ चिकटू शकतो, हे ९ एप्रिल १९४० नंतर दिसून आले. त्या दिवशी जर्मन फौजा देशात शिरल्या आणि पाच वर्षे राहिल्या. १७ मेची मिरवणूक बंद झाली. तेव्हा लोक लोकरीच्या लाल टोप्या घालून हिंडू लागले. टोपी ती काय, नाताळातल्या बुटक्याची! पण सगळे मिळून ती घालू लागले, तसा अधिकाऱ्यांना त्यात निषेध दिसला आणि १९४२ साली त्यांनी ती टोपी घालायला बंदी केली. ८ मे १९४५ रोजी देश मुक्त झाला. नवव्या दिवशी १७ मे होती. रस्त्यांवर पुन्हा मुले, झेंडे आणि पेटीतून निघालेले बुनाद.

आज बुनादाचे चारशेहून अधिक प्रकार मोजले जातात. राजवाड्यातल्या मेजवानीलाही तो उंची दरबारी पोशाखाच्या बरोबरीचा मानतात. पण त्याचे खरे घर अजूनही कुटुंबच आहे. पुष्कळ मुलींना तो कन्फर्मेशनला मिळतो. १९५१ पासून चर्चबाहेरचाही तसा समारंभ होतो, तेथेही हीच रीत. आजी वर्ष-वर्ष बसून भरतकाम करते, आईची चांदी नातीकडे येते. शिवताना आत भरपूर माया ठेवतात, म्हणजे मुलगी वाढली, पुढे अंगाने भरली, तरी शिवण उसवून तोच पोशाख पुरतो. पन्नास वर्षे वापरायचा हिशेब असतो.

तरीही याला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवू नये. चांदीसह एक बुनाद तीस-चाळीस हजार क्रोनरला जातो, कधी त्याच्याही वर. तिकडच्या मध्यम घरालाही ही रक्कम जड जाते. म्हणून काही व्यापारी शिवणकाम एस्टोनिया, चीन अशा देशांत करवून घेतात आणि त्यावरून वाद होतात. मुलांत कपड्यांची चढाओढ वाढली, तेव्हा १९५० नंतरच्या दशकात चर्चने सर्वांना एकसारखे पांढरे झगे दिले. कन्फर्मेशनच्या वेळी कोणाच्या अंगात काय आहे ते दिसायलाच नको! शिवाय चुकीचे बूट, काळा चष्मा, भलतीच पर्स दिसली की टोकणारी मंडळी असतात. त्यांना लोक थट्टेने बुनाद-पोलीस म्हणतात. जो पोशाख सर्वांना एकत्र आणतो, तोच कोणाला बाहेर ठेवण्याचे साधनही होऊ शकतो.

याची एक गंभीर साक्ष उत्तरेकडे आहे. तेथे सामी लोक राहतात. त्यांची भाषा निराळी, पुष्कळांचा पूर्वीचा व्यवसाय रेनडियर पाळण्याचा किंवा मासेमारीचा. त्यांचा निळा-तांबडा पोशाख, ज्याला ते गाक्ती म्हणतात, बुनादांत मोडत नाही. तो त्यांचा स्वतंत्र वारसा आहे. ज्या काळात नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या कपड्यांचा गौरव चालला होता, त्याच काळात सामी मुलांच्या शाळांतून त्यांची भाषा हद्दपार केली जात होती. स्वतःची ओळख शोधणाऱ्या राष्ट्राने शेजाऱ्याची ओळख पुसू पाहिली. पुढे विचार बदलला. आता ६ फेब्रुवारी हा सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो आणि काउतोकेइनोसारख्या गावात ईस्टरच्या दिवसांत होणाऱ्या लग्नांना, कन्फर्मेशनना सगळी वस्ती गाक्ती घालून लोटते. येथेही पोशाख जपला तो घरच्या कार्यांनीच.

शेवटी अगदी अलीकडची एक घटना सांगतो. २०१९ साली नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्तियानसुंद येथील प्रसूतिविभाग बंद करून बाळंतपणे दूरच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याचा घाट होता. डोंगर, फ्योर्ड आणि हिवाळ्यातले रस्ते ओलांडून कळा देणाऱ्या बाईने जायचे कसे, असा तेथल्या बायकांचा सवाल होता. त्या रस्त्यावर उतरल्या, त्या बुनाद घालून. त्यांना ‘बुनाद-गनिमी फौज’ हे नाव पडले आणि ही चळवळ देशभर पसरली. एके काळी बाळंतिणीकडे लापशीचे भांडे घेऊन जाणाऱ्या शेजारणींच्या या पणत्या. ज्या पोशाखात बाळाचे नाव ठेवायचे, त्याच पोशाखात त्या बाळाला सुखरूप जन्म घेता यावा म्हणून उभ्या राहिल्या. सणाच्या कपड्यात एवढे बळ कोठून आले? सरकारी समितीने ते दिले नाही. लापशीचे भांडे, पाद्रीपुढची परीक्षा, भाड्याचा मुकुट, दारापुढच्या डहाळ्या, या सगळ्यांतून ते हळूहळू साठत आले.

नॉर्वेत हे काम सुरू झाले ते फार साध्या कृतीने. कार्यकर्ते आणि शिक्षक म्हाताऱ्या माणसांकडे गेले, पेटी उघडायला लावली आणि प्रत्येक वस्त्रापुढे चार गोष्टी लिहून घेतल्या : कोणाचे, कोठले, कोणी शिवले आणि कोणत्या प्रसंगी घातले. ज्या घरांतून ही विचारपूस वेळेवर झाली, त्यांचा पोशाख पुन्हा उभा राहिला. जेथे झाली नाही, तेथे पेटीत नुसते कापड उरले.